सुरतेच्या स्टेशनात आमचे हे हरवले

माघ शुद्ध पंचमी

फार दिवसांनी ही वही काढली. नंदुरबारच्या शाळेत बाई सांगायच्या, मुलींनो, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे अक्षर टिकेल. लग्न झाल्यावर रोज कसलं, सणासुदीलाही जमत नाही. पण आज लिहिल्यावाचून राहवेना. आनंद झालाय आणि रागही आलाय, आणि या घरात दोन्ही बोलून दाखवायची सोय नाही.

आनंद असा की हे मला सुरतेला नेणार आहेत. तिथे बायकांच्या दवाखान्यात मोठी डॉक्टरीण आहे, तिला दाखवू, असं आपणहून म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि घरात पाळणा नाही. गावातली प्रत्येक बाई मला तापीकाठच्या प्रकाशा गावी संगमावर नहायला सांगून गेली, मी प्रत्येकीचं ऐकून नहाले. हे मात्र कधी टोचून बोलले नाहीत. दिवाळीपासून तर माझ्याशी धड बोलतच नव्हते. मला वाटायचं, चिडलेत. आज कळलं, मनातल्या मनात माझीच काळजी चालली होती. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

राग सासूबाईंचा. संध्याकाळी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "टेसनात चोर ऱ्हातस. अंगवरनं सोनं काढी ठेव."

मी म्हटलं, "निदान पाटल्या तरी राहू द्या. त्या माझ्या आईने घातलेल्या आहेत. सुरतेसारख्या शहरात मोकळ्या हातांनी जाऊ?"

"काढ म्हन्तस ना."

काढल्या. पाटल्या, एकदाणी, कानातली फुलंसुद्धा. गळ्यात काळी पोत तेवढी राहिली. सासूबाईंनी सगळं फडक्यात बांधलं, आणि सगळा वेळ फडक्याकडे बघत होत्या, माझ्याकडे एकदाही नाही. मी काय चोर आहे का?

माघ शुद्ध अष्टमी, नंदुरबार

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो आहोत. गाडी सकाळी आहे.

आज तापी ओलांडताना नावाड्याने माझी पेटी उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय भरी लयनी बाई, घर उचलीसन चालनी का?" नावेतली माणसं हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी काही मी भरली नव्हती, सासूबाईंनी भरली. मी भरते म्हटलं तर हातातून काढून घेतली. चार दिवसांसाठी दोन लुगडी पुरली असती. ह्यांच्याकडे बघा, काखेत एक पिशवी, त्यात एक धोतर. साधा माणूस.

सासूबाई काठापर्यंत आल्या होत्या. शिदोरी अशी दिली की महिनाभर पुरावी. कळण्याच्या भाकरी, तळलेल्या मिरच्या, गुळाचे लाडू. आणि निघताना रडल्या. सोनं काढून घेताना डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि चार दिवसांच्या प्रवासाला रडणं. मला असली ढोंगं आवडत नाहीत.

माघ शुद्ध नवमी, सुरत, दुपार

बाकावर बसून पेन्सिलीने लिहितेय. बसल्या बसल्या दुसरं काय करणार.

नंदुरबारचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक घंटा आणि एक कडुनिंब. उतरलं की गाव दिसतं. इथे उतरल्यावर समोर दुसरा फलाट दिसतो, त्याच्या पलीकडे तिसरा. डोक्यावर लोखंडी पूल आहे आणि त्यावरून माणसं वळकट्या घेऊन अशी पळतात, जशी खाली आग लागलीय. पाट्या इंग्रजीत आणि गुजरातीत. गुजराती अक्षरं म्हणजे आपलीच बाळबोध अक्षरं, वरची रेघ काढून टाकलेली. डोक्यावर पदर नसल्यासारखी उघडीबोडकी उभी असतात. लावून लावून वाचता येतात, पण मधेच एखादं असं निघतं की सगळा शब्द वाया जातो. खानदेशातून एवढी माणसं इथे उतरतात, त्यांच्यासाठी एक पाटी लिहायला कुणाचा हात मोडला असता?

हे मला या बाकावर बसवून गेले. "तू आठेच बस. उठू नको. दवाखाना कोठे शे, टांगा कोठे मिळस, इचारीसन येस." मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाले, पेटी कोण बघेल? खरं आहे.

त्याला आता बराच वेळ झाला. पलीकडची गाडी सुटून गेली, तिच्या जागी मालगाडी येऊन उभी राहिली. काळ्या कोटातल्या एका माणसाला मी विचारलं, गावात जायची वाट कुठली? तो चालता चालता म्हणाला, "डाऊनच्या बाजूने." डाऊन म्हणजे खाली, एवढं इंग्रजी मला येतं. पण इथे सगळी जमीन सपाट आहे. खाली कुठे? अशी उत्तरं देणाऱ्यांना सरकार पगार देतं. मग हे वाट चुकले असतील तर त्यात नवल काय?

संध्याकाळ

हे अजून आले नाहीत.

बायकांच्या मुसाफिरखान्यात रमिलाबाई नावाची एक सुरती बाई झाडझूड करते, पाणी भरते. ती दोनदा माझ्यासमोरून गेली, तिसऱ्यांदा थांबली. तिची भाषा गुजराती, पण माझी आजी गुजरातीच्याच जवळची गुजरी बोली बोलायची, त्यामुळे मला सगळं कळतं. इथे मी मराठीतच लिहिते. म्हणाली, "बेन, दिवेलागण झाली. आत येऊन बस."

मी म्हटलं, "मला इथेच बसायला सांगितलंय."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी. ते टांगा बघायला गेलेत."

तिने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, मग माझ्या मोकळ्या हातांकडे. "दुपारपासून टांगा बघतायत?" तिचा तो आवाज मला मुळीच आवडला नाही. मी तिला ठणकावून सांगितलं की तुमचं हे स्टेशनच असं आहे की शहाणा माणूससुद्धा गोंधळेल. पेटीचं एक कडं तिने धरलं, एक मी, आणि आम्ही आत आलो. ह्यांना हुडकायला त्रास नको म्हणून दारातच बसलेय.

माघ शुद्ध दशमी

आज सगळं स्टेशन पायांखाली घातलं. पेटी रमिलाबाईपाशी ठेवली आणि पूल चढले. पुलावर वारा असा की पदर सांभाळू की कठडा धरू कळेना. प्रत्येक फलाटावर गेले. पाण्याच्या दोन पिंपांपाशी बघितलं, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही, तहानलेला माणूस चुकून कुठेही जाईल. चहावाल्याला विचारलं, हमालांना विचारलं. गव्हाळ रंग, अंगात काळा कोट, डोक्याला पिवळा फेटा. एक हमाल म्हणाला, असे शंभर बघितले. मी म्हटलं, मला शंभर नकोत, माझा एक हवाय. सगळे हसले. मग परत येताना मीच चुकले. पूल दोन्ही बाजूंना उतरतो, मी भलतीकडे उतरले आणि मालधक्क्यावर कापसाच्या गाठींमध्ये जाऊन उभी राहिले. एका गाठीवर टेकून थोडी रडले. मग स्वतःचाच राग आला, आणि त्या पुलाचा.

तिथून तडक स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. मोठे साहेब नव्हते, त्यांच्या हाताखालचे होते. रत्नागिरीकडचे, मराठी शुद्ध. मी म्हटलं, "तुमच्या स्टेशनात माझे यजमान हरवले. त्यांना शोधून द्या."

"बसा. नाव काय त्यांचं?"

आता आली पंचाईत. नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? मी म्हटलं, पाटी द्या, लिहून देते. त्यांनी कागद पुढे केला. मी 'रतिलाल' असं लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

त्यांनी तिकीट तपासणाऱ्याला बोलावलं. तो आठवून म्हणाला, पिवळा फेटा, काळा कोट, काखेत पिशवी, असा एक माणूस काल दुपारीच नंदुरबारच्या परतीच्या गाडीत बसला. स्वतः तिकीट दाखवून बसला.

मी ताडकन उठले. "म्हणजे तुम्ही त्यांना चुकीच्या गाडीत बसवलंत."

"बाई, तो माणूस..."

"विचारायला गेलेल्या माणसाला तुम्ही लोक डाऊन नि अप सांगता. त्याने काय करायचं? बसला बिचारा मिळेल त्या गाडीत. आता तिकडे उतरल्यावर जिवाला किती लागलं असेल त्याच्या. इकडे बायको एकटी."

त्यांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "तसं असेल तर ते आजच्या गाडीने परत येतील. वाट बघा. मुसाफिरखान्यात तुम्हाला कुणी उठवणार नाही, मी सांगून ठेवतो." चूक केली की माणसं कशी मऊ बोलायला लागतात ते मी आज पाहिलं.

खानदेशची गाडी आली. सगळे उतरून गेले, मी शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन बघितलं.

लुगडं बदलावं म्हणून पेटी उघडली. सासूबाईंच्या अक्कलेची कमाल आहे. वर दोन लुगडी, ती ठीक. त्याखाली माझी उरलेली सगळी लुगडी. त्याखाली लग्नातलं जरीचं पातळ. चोळ्या, आईने दिलेली समई, माझं पितळी ताट, माझा बाळकृष्ण फडक्यात गुंडाळून, माझी जुनी शाळेची पुस्तकंसुद्धा. डॉक्टरणीला काय समई दाखवायची होती? एवढं ओझं त्या नावाड्याला, हमालाला उचलायला लावलं. घरी गेल्यावर यावरून बोलणार आहे.

रमिलाबाई शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बेन, घरात तुझं काही मागे राहिलंय का?"

मी म्हटलं, "सोनं राहिलंय. ते सासूबाईंकडे आहे."

ती खाली बसली आणि एकेक कपडा पुन्हा घडी करून पेटीत ठेवू लागली.

माघ शुद्ध एकादशी

मी मूर्ख आहे.

सकाळी रमिलाबाईने चहा आणून दिला आणि मी पुन्हा सुरू केलं, आजच्या गाडीने हे येतील, आल्यावर आधी दवाखान्यात जाऊ. तेव्हा ती म्हणाली, "बेन, मी या खोलीत पुष्कळ बायका बघितल्यात. चुकलेल्या माणसाची वाट बघणारी आणि टाकलेली, दोघींची पेटी वेगळी असते."

मी तिच्यावर तुटून पडले. तुला लाज नाही का, दुसऱ्याच्या संसाराला असं बोलतेस, तुझा नवरा कसा असेल ते दिसतंच आहे. हवं ते बोलले. खोलीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. ती घागर उचलून गेली.

मग मी पेटीवर बसून राहिले. कुणाशी भांडायला उरलं नाही आणि माझं डोकं आपोआप चालायला लागलं. दिवाळीपासूनचं न बोलणं. सोनं. पिशवीतलं एक धोतर. इथेच बस, उठू नको. परतीची गाडी कुठली हे इथे मला दोन दिवस सापडलं नाही, आणि त्यांना उतरल्याबरोबर सापडली.

शेजारच्या गावातल्या एका घरी हे हल्ली फार जायचे. बैलाचा सौदा आहे म्हणायचे. त्या घरात लग्नाची मुलगी आहे. बैल अजून आलेला नाही.

दुसरी करायची तर करायची होती. कितीजण करतात. पण मग पंच विचारणार, पहिलीचं काय, तिला काय देणार, तिच्या आईचं सोनं कुठे. त्यापेक्षा बायकोच सामानसुमान घेऊन पळाली म्हटलं की सगळं सोपं. दोन रात्री परक्या गावच्या स्टेशनात राहिलेली बाई. तिला विचारतंय कोण?

हे दुःख नाही. सांगून सोडली असती तर मी रडले असते. घरात नको झालेल्या मांजरासारखी पोत्यात घालून लांब नेऊन सोडली, याचा मला संताप आला आहे. त्याच्यासाठी मी काल परक्या पुरुषाशी भांडले. त्याच्या जिवाला लागलं असेल म्हणाले.

मी नळावर जाऊन रमिलाबाईला म्हटलं, "मघाशी बोलले ते विसर."

"त्यात काय विसरायचं? सगळ्याच बोलतात." तिने घागर भरली. "आता कुठे जाणार? नदीकडे बघत बसू नकोस. माझी बहीण बायकांच्या दवाखान्यात दाई आहे. तिथे सुईणीचं काम शिकवतात, राहायला खोली मिळते. लिहितावाचता येणारी त्यांना हवीच असते."

मी म्हटलं, "आधी गावी जाणार. मी पळाले असं तो सांगत असेल. ते मी असताना सांगावं त्याने."

तिच्या भाचीचं लग्न ठरलंय. माझं जरीचं पातळ मी तिला दाखवलं. तिने हात पुसून ते घेतलं, उजेडात धरलं, आणि योग्य ते पैसे दिले. मला त्या पातळाचं काही वाटलं नाही.

रत्नागिरीच्या साहेबांना भेटून सांगितलं, माझे यजमान हरवलेले नाहीत, शोध थांबवा. नाव विचारलंत तेव्हा मी लाजले होते, आता सांगते. रतिलाल. दारातल्या शिपायालाही ऐकू गेलं असेल.

माघ शुद्ध द्वादशी, नंदुरबार

तिकिटाच्या खिडकीपाशी बायकांना कुणी पुढे सरकू देत नाही. मी कोपराने जागा केली. "नंदुरबार. एक." आयुष्यात पहिल्यांदा तिकीट हातात घेतलं. मग पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन मी पूल चढले आणि योग्य बाजूला उतरले. फलाटावर दोन गाड्या तोंडं फिरवून उभ्या होत्या. पाटीवर डोळे ताणत होते, तेवढ्यात एका डब्याच्या दारात डोंगराकडच्या बाया दिसल्या, डोक्यावर फडकी, मांडीवर गाठोडी. नवापूर नंदुरबारच्या वाटेवरच लागतं, म्हणून मी ओरडून विचारलं, "नवापूर?" आतून उत्तर आलं, "नवापूर." चढले.

त्या गुऱ्हाळावरच्या मजुरीहून परत चालल्या होत्या. एरवी मी असल्या बायांपासून पदर आवरून बसते. कालही बसले असते. हिरीबाई नावाची त्यातली थोराड बाई माझ्या पेटीवर हात ठेवून म्हणाली, "एकटी?"

"नवरा स्टेशनात सोडून पळाला." तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं ते, आणि तेही अनोळखी बाईला.

तिने ते आपल्या बोलीत बाकीच्यांना सांगितलं. त्या हसायला लागल्या. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे?

हिरीबाई म्हणाली, "आमच्यात नाही पटलं तर बाई उठून जाते. सगळ्यांना सांगून जाते. तुमच्यात माणूस पळतो? लपून?" आणि पुन्हा हसली. मग तिने नागलीच्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. नवापूरला त्या उतरल्या, तोपर्यंत मला राग कुणाचा आला होता तेच आठवेना. पुढचं चिंचपाडा स्टेशन गेल्यावर तो पुन्हा आला, आणि यावेळी योग्य माणसाचा आला.

माघ वद्य प्रतिपदा

झालं ते सगळं सांगून टाकते, म्हणजे मला झोप लागेल.

गावात पोचले तेव्हा मंदिराच्या ओट्यावर पंच जमलेलेच होते. नंतर कळलं, आमच्याच प्रकरणासाठी. माझा भाऊ लोटनही होता, त्याला मुद्दाम बोलावलं होतं. मी बैलगाडीतून उतरले तशी सगळी बोलणी थांबली.

रतिलाल उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला. भूत बघितल्यासारखा दिसत होता.

मोठे पंच म्हणाले, "बाई, तू सुरतेच्या स्टेशनातून कुणाबरोबर तरी निघून गेलीस, असं तुझा नवरा सांगतोय."

"निघून गेले असते तर इथे कशाला आले असते?"

"मग तीन रात्री होतीस कुठे?"

"जिथे बसवून गेला तिथे. सुरतेच्या स्टेशनात. बायकांच्या मुसाफिरखान्यात. तिथल्या बाईला विचारा, मास्तरांना विचारा. परतीची गाडी यानेच पकडली, तिकीट बघणाऱ्याने बघितलंय."

रतिलाल म्हणाला, "खोटं. पळाले निंघनी व्हती म्हनीसन तर सर्वं सामान लई गयी. पेटी उघाडा. चार दिवसना दवाखानाले कोनी बाई समई लई जास का?"

पेटी उघडली. पंचांनी समई बघितली, ताट बघितलं, बाळकृष्ण बघितला. एकमेकांकडे बघितलं. त्या पेटीने मला स्टेशनात खरं सांगितलं होतं, आणि इथे तीच माझ्यावर उलटली. मी म्हटलं, पेटी मी भरलेली नाही. एकजण म्हणाला, सगळ्याच असं म्हणतात. मी लोटनकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. माझ्या पाठचा भाऊ, मी कडेवर खेळवलेला. त्याने बहिणीबद्दल ऐकलं आणि मान खाली घातली, इतकं सोपं होतं ते. त्या क्षणी मला रतिलालपेक्षा त्याचा जास्त राग आला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने जसोदाबाई उठल्या. माझ्या सासूबाई. ओट्यावर बायका बोलत नाहीत. त्या पुढे आल्या, हातातलं फडकं पंचांसमोर ठेवलं आणि गाठ सोडली. पाटल्या, एकदाणी, कानातली फुलं.

"पळनारी बाई सोनं सासूपान ठेईसन पळस का?" त्या म्हणाल्या. "पेटी मी भरी. मन्हा आंडोरनी, ह्या रतिलालनी सांगं, तिनं काहीच मांघे ऱ्हावाले नको, म्हनीसन मी भरी. माले सर्वं मालूम व्हतं."

रतिलाल म्हणाला, "माय, गप बस."

"आतेपावत गपच बठेल व्हतू." एवढं म्हणून त्या तिथेच, सोन्यापाशी खाली बसल्या.

मग पंचांनी निकाल दिला. रतिलालने गावजेवण घालावं आणि बायकोला मानाने घरी न्यावं. ती शेजारच्या गावची सोयरीक मोडली. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. कुणीतरी तंबाखूची चंची काढली. म्हणजे त्यांच्या लेखी मिटलं.

माझं डोकं भणभणलं. मला खोटी ठरवणार होते तेव्हा मला विचारलं नाही, आणि आता खरी ठरवली तरी मला विचारलं नाही. मी म्हटलं, "मी या घरात जाणार नाही."

मोठे पंच म्हणाले, "तो नेतोय ना आता?"

"तेव्हाही नेलंच होतं."

मी सोनं उचललं. जसोदाबाईंना म्हटलं, चला माझ्याबरोबर, इथे आता तुम्हाला कोण विचारील? त्या मान हलवून म्हणाल्या, "मन्हाच आंडोर शे. मी कोठे जासू?" त्यांनी मला टाकायला मदत केली, हे मी विसरणार नाही. आणि आज उठल्या, हेही. दोन्ही एकाच बाईने केलं, त्याला मी काय करू?

चैत्र शुद्ध तृतीया, सुरत

लोटनच्या घरी दीड महिना काढला. भावजय वाईट नाही, पण माझ्यासमोर भांडी जरा जोरात ठेवायची. लोटन माझ्याशी फार गोड बोलायचा. रोज काहीतरी आणायचा, खरबूज, बत्तासे. मी खायची, पण बोलायची नाही. रमिलाबाईला कार्ड टाकलं होतं, तिचं उत्तर आलं की बहिणीने विचारलंय, जागा आहे, ये. लोटन म्हणाला, मी पोचवायला येतो, तू एकटी नको जाऊ. मी म्हटलं, ये.

आज सुरतेला उतरलो. गर्दी पाहून लोटनचा चेहरा उतरला. दोन पावलं गेला आणि हमालाच्या गाडीखाली येता येता वाचला. मग त्याने माझं मनगट धरलं ते सोडेचना. चढण दिसल्यावर म्हणाला, "ताई, आते कोठे?" मी त्याला पुलावरून नेलं, पाणी पाजलं, आणि परतीची गाडी लागली होती तिथे आणून तिसऱ्या वर्गात खिडकीपाशी बसवलं. त्याला वाटलं होतं, दवाखान्यापर्यंत यावं. मी म्हटलं, नको, तू परत यायला चुकशील.

गाडी सुटायच्या आधी तो खिडकीतून म्हणाला, "ताई, त्या दिवशी ओट्यावर..."

मी वाट बघितली. तो डोळे पुसायला लागला. कोळशाचा कण गेला म्हणाला. मी पदराच्या टोकाने बघितलं, कण नव्हता.

"पुढच्या वेळी मान वर ठेव," मी म्हटलं. एवढंच म्हणाले. माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण अजून केलेलं नाही. "जेवन करत जाजो," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

पेटी हमालाच्या डोक्यावर होती. या वेळी ती मी भरली होती. स्टेशनातून बाहेर पडले आणि थबकले. मागच्या खेपेला मी तीन रात्री इथे राहून सुरत बघितलीच नव्हती. ऊन, धूळ, टांग्यांची रांग, फाफड्याचा वास, आणि कुणाचंही माझ्याकडे लक्ष नाही.

मी पुढच्या टांगेवाल्याला सांगितलं, बायकांचा दवाखाना, आणि भाडं ठरवलं. त्याने पेटी ठेवली, मला चढू दिलं, आणि लगाम हातात घेऊन बसून राहिला. मी म्हटलं, का थांबलास?

"तुमचं माणूस मागून येतंय ना?" तो म्हणाला. "थांबतो."

"कुणी येत नाही," मी म्हटलं. "हाक."